सायटिका: ट्रॅक्शन घ्यावं की मॅकेन्झी व्यायाम करावेत?

कंबरेतून निघालेली कळ नितंबावरून पोटरीपर्यंत जायला लागली (हीच सायटिका), की बहुतेकांना आधी आठवतं ते ट्रॅक्शन. पट्टे बांधायचे, मशीनने कंबर ओढायची, आपण छताकडे बघत पडून राहायचं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, हे खरं. पण उठून बूट घालायला वाकलं की कळ पुन्हा हजर. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत सूचना ठरवणाऱ्या नाइस (NICE) संस्थेने 2016च्या मार्गदर्शक सूचनांत, सायटिका असो वा नसो, कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन देऊ नये असं स्पष्टच म्हटलं आहे. आपल्याकडे मात्र मशीन आहे म्हणून लावतात, असाही प्रकार दिसतो.

दुसरी पद्धत न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची. इथे आधी तपासणी: कोणत्या दिशेला वाकलं की कळ कुठे सरकते? पुष्कळांना पालथं झोपून, हातांवर जोर देत छाती उचलायला सांगतात (दिसायला भुजंगासनच, फक्त कंबर सैल आणि पुन्हा पुन्हा). पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कंबरेत आली तर दिशा बरोबर. मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालतं. उलट कळ पायात खाली उतरली, तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा. मणक्यातली जागा अरुंद झालेल्या वयस्कांना मागे वाकणं सहसा सोसत नाही. त्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम मानवतात.

खर्चाचं तर सांगायलाच नको, एकदा शिकलं की घरची सतरंजी पुरते. माझा कौल व्यायामालाच. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना, तर दोन्ही सोडून तडक हॉस्पिटल गाठा.