गुलमर्ग की औली? मुलांना स्कीइंग शिकवायचं असेल तर

कोल्हापुरातून निघालं की दोन्हीकडे जाता-येता दिवस मोडतातच, तेव्हा नुसत्या अंतरावरून ठरवू नका. आम्ही एका वर्षी गुलमर्ग केलं, नंतरच्या फेब्रुवारीत उत्तराखंडातलं औली. दोन्ही वेळा मुलं बरोबर, औलीला आईसुद्धा.

बर्फ म्हणाल तर गुलमर्गचा हात धरणारं कुणी नाही. नाताळच्या सुट्टीतच जमणार असेल तर तिकडेच जा. औलीला त्या दिवसांत उतार झाकलेले असतील याचा भरवसा नसतो. श्रीनगरपासून रस्ता साधारण 50 किलोमीटरचा. गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, अफरवाट डोंगरावर 3,900 मीटरच्या वर नेतो. ज्यांना स्की येतं त्यांना यापेक्षा काय हवं?

पण नवशिकी मुलं वर जात नाहीत, ती खालच्या सोप्या उतारावरच असतात. माझं बिनसलं ते तिथं. त्याच उतारावर स्लेज ओढणारे, बर्फात खेळणारे, फोटोसाठी मध्येच उभे राहिलेले. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर पोराला सायकल शिकवायला काढावी, तशी गत. थोरलीला पहिल्या दिवशी थांबणं जमलं होतं: स्कीची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर रेटायच्या. दुसऱ्या दिवशी एक स्लेज आडवी आली आणि ती घाबरून पडली. लागलं नाही, पण पुढचे दोन दिवस तिची नजर उतारावर नव्हतीच. कोण कुठून येतंय तेवढंच बघायची. शिकवणारा भला माणूस होता, पण गर्दीपुढे तो तरी काय करणार? कदाचित आम्ही गेलो ते दिवसच तसे असतील. तरी माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

औलीचा त्रास वेगळा. ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटर घाट, धाकट्याला तीनदा उलटी झाली. वाटेत एक मुक्काम कराच. जमीन खचल्यामुळे जोशीमठचा रोपवे 2023च्या जानेवारीत बंद केला, आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. वर गाडीनेच जावं लागलं. हॉटेलं मोजकी, जेवण साधं.

पण मधल्या वारी उतार जवळजवळ रिकामा होता. थोरली तीन दिवसांत न पडता वळायला लागली. आई खुर्ची टाकून उन्हात बसायची, समोर नंदादेवी. दुपारी नात खाली आली की हात हलवायची. गुलमर्गला आम्हाला आमची माणसं गर्दीत शोधावी लागायची.

येत्या फेब्रुवारीत पुन्हा औलीच. शाळेत रजेचं बोलून ठेवलंय. निघण्याआधी आठवडाभर तिथं फोन करून बर्फ किती पडलाय ते विचारणार. कमी असेल तर तारीख पुढं ढकलू, ठिकाण नाही बदलणार.