बोटीतला ओटा: गॅस, इंडक्शन, स्पिरिट की रॉकेल?

गेल्या महिन्यात भाचा आणि भाचेसून बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आले, ते मोबाइलमध्ये एका जुन्या शिडाच्या बोटीचे फोटो घेऊनच. सत्तावीस फुटी बोट, मुंबईत गेटवेसमोर मुरिंगला, म्हणजे पाण्यात कायमच्या रोवलेल्या तरंगत्या बोयाला, बांधलेली. कॅप्टन दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या नौदलाच्या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा भाचा शाळेत होता. तेव्हापासूनचं त्याचं वेड. “मावशी, शेगडी कुठली घ्यायची तेवढं सांग,” सूनबाईने विचारलं.

मी फोटो मोठा करून बघितला. दोन बर्नरची घरगुती शेगडी आणि तिच्या खालच्या कपाटात, सिंकला लागून, उभा सिलिंडर. म्हटलं, शेगडीचं नंतर बघू. आधी तो सिलिंडर तिथून बाहेर काढायचा.

हे आणि मी आठ हिवाळे अठ्ठावीस फुटी बोटीवर काढले, मुंबईपासून गोव्यापर्यंत, कोकणच्या किनाऱ्याने. ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात उतरवायची आणि पावसाळ्याआधी वर काढायची. बडोद्याला जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा, पण तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि प्रवाह फार ओढीचे असतात. हौशी माणसाच्या छोट्या बोटीची ती जागा नव्हे. म्हणून बडोद्याची माणसं बोट घेतात ती मुंबईला नाहीतर गोव्याला ठेवतात, आणि तिथली गॅली, म्हणजे बोटीचं स्वयंपाकघर, म्हणजे दोन हात रुंद ओटा. त्या ओट्यावर काय ठेवायचं हे ठरवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी गॅस आणि इंडक्शन समोरासमोर ठेवू, कारण खरी निवड बहुतेकांना या दोघांतच करायची असते.

गॅसची ताकद आकड्यांत बघण्यासारखी आहे. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमधली निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली असं धरलं, तरी साडेतीनशे लिटरहून जास्त पाणी उकळतं. तेच काम विजेवर करायचं तर भांड्यापर्यंत साधारण 30 युनिट पोचायला हवेत. शंभर अँपिअर-तासांची लिथियमची बॅटरी एका चार्जमध्ये जेमतेम एक युनिट, म्हणजे 1000 वॅट-तास, देते. म्हणजे काखेत मारून नेता येईल अशा एका सिलिंडरमध्ये तीस बॅटऱ्यांचा स्वयंपाक आहे. पंधरा दिवस किनाऱ्याने फिरायचं असेल तर याला तोड नाही. आच मनासारखी कमी-जास्त होते, भाकरी भाजता येते, पाच मिनिटांत चहा होतो.

आता दुसरी बाजू. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात गळलेल्या गॅसला दारातून, उंबऱ्यावरून, मोरीतून बाहेर जायला वाव असतो. बोट हे मात्र पाणी आत येऊ नये म्हणून बनवलेलं भांडं आहे, त्यामुळे आत सांडलेला जड वायूही तिथेच बसतो. तो उतरतो थेट बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या पोकळीत. हवेत दोन टक्के गॅस मिसळला की मिश्रण पेट घेण्याजोगं होतं. बिल्जची पोकळी अर्धा घनमीटर धरा. त्यात दोन टक्के म्हणजे दहा लिटर वायू, आणि वजनात वीस-बावीस ग्रॅम. रात्रभर बटण अर्धवट उघडं राहिलं तर याच्या कितीतरी पट गॅस जातो. शिवाय बिल्जमध्येच पाणी उपसणाऱ्या पंपाचा स्विच असतो, आपोआप चालू होणारा. ठिणगी पडायला कोणी काडी ओढायची गरजच नाही.

म्हणून बोटीवर गॅस घ्यायचा की नाही हे सिलिंडरच्या जागेवर ठरतं. सिलिंडरचा कप्पा बाहेर, कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बसायच्या जागेत हवा. तो फक्त वरून उघडणारा आणि केबिनच्या बाजूने पूर्ण बंद असायला हवा. त्याच्या तळातून किमान 19 मिलिमीटर व्यासाची नळी पाण्याच्या रेषेच्या वर, बोटीबाहेर काढलेली हवी, म्हणजे गळलेला गॅस समुद्रावर सांडतो. सिलिंडर उभाच बांधायचा, कारण आडवा झाला की नळीत वायूऐवजी द्रव येतो. शेगडीवर ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी व्यवस्था हवी. आपल्या घरगुती शेगड्यांत ती सहसा नसते, आणि बोटीवर वाऱ्याने नाहीतर उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझणं रोजचं आहे. गॅसचा डिटेक्टर खाली, फळ्यांजवळ लावायचा. छताला लावलेला काही कामाचा नाही. स्वयंपाक संपला की आधी सिलिंडर बंद करायचा, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग बटण. आमच्याकडे शेवटचा कप चहा गाळायच्या आधी ‘सिलिंडर’ असं मोठ्याने म्हणायची पद्धत होती आणि हे वर जाऊन बंद करून यायचे. आठ वर्षांत ती एकदाही चुकवली नाही.

हे सगळं नीट बसवायची तयारी असेल तर गॅस घ्या, मनापासून घ्या. कप्पा करायला जागा नसेल किंवा ‘सध्या चालवून घेऊ’ असा विचार असेल, तर गॅस नको. यात मधला मार्ग मला मान्य नाही.

इंडक्शनमध्ये ही सगळी काळजी एका फटक्यात जाते. ज्योत नाही, गळती नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. एप्रिलमध्ये मुंबईच्या पाण्यात केबिन आधीच तापलेली असते, तिथे ओट्याजवळ उभं राहता येणं हेही थोडं नाही. हिशेब सोपा आहे: एक लिटर पाणी उकळायला सुमारे 100 वॅट-तास. दोघांची मूगडाळीची खिचडी कुकरमध्ये दीडशेच्या आसपास बसते. दोनशे वॅटचं सोलर पॅनल आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात दिवसाला 800 वॅट-तासांपर्यंत देतं, पण त्यातूनच दिवे, पंखा, फोन चालवायचे आहेत. मुरिंगवर किनाऱ्याची वीज मिळत नाही, हे विसरू नका. शनिवार-रविवारचा दोघांचा स्वयंपाक यात आरामात होतो. सहा माणसांचा आठवडाभराचा नाही होत.

यातही एक धोका आहे, आणि तो दुर्लक्षिला जातो. बाराशे वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअरहून जास्त प्रवाह ओढते. त्याला अंगठ्यासारखी जाड केबल, बॅटरीजवळ फ्यूज आणि घट्ट आवळलेले, गंज न चढलेले टर्मिनल लागतात. सैल जोड तापतो आणि आग लागते ती कपाटाआड, डोळ्यांना न दिसता. हे काम बोटींचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. शिसं-आम्लाची बॅटरी असेल तर तिची निम्मीच क्षमता वापरायची असते, म्हणून हिशेबही निम्म्यावर धरा. आणि काचेवर भांडं घसरतं. कडेने अडसर लावल्याशिवाय इंडक्शन बोटीवर चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर घरीच राहील. बूड चुंबक धरणारं हवं.

रॉकेल आणि स्पिरिट ही दुसरी जोडी. दोन्हींत सिलिंडर नाही, बिल्जमध्ये साठणारा वायू नाही, आणि म्हणून लहान बोटींवर दोन्हींनी पिढ्यान्‌पिढ्या अन्न शिजवलं आहे.

पंपाचा स्टोव्ह 1892 मध्ये स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी केला. ज्यांच्या घरात तो होता त्यांना काकडा आठवत असेल: तारेच्या टोकाला गुंडाळलेली चिंधी, स्पिरिटच्या बाटलीत बुडवून बर्नरला अडकवायची, पेटवायची आणि बर्नर पुरता तापेपर्यंत धीर धरायचा. मग दोन पंप, आणि निळी ज्योत भरारते. धीर न धरता पंप मारला तर रॉकेलची वाफ न होता धार येते आणि छतापर्यंत पिवळा भडका उठतो. घराचं छत दहा फुटांवर असतं, बोटीचं साडेपाच-सहा फुटांवर. रॉकेलच्या बाजूने सांगायचं तर ते साध्या हवेत सहजी पेट घेत नाही, आणि उष्णतेत वजनामागे गॅसच्या फार मागे नाही. पण वास! हेलकाव्यात रॉकेलचा वास आला की पोटात आधीच ढवळत असलेला माणूस उठून रेलिंगकडेच जातो. शिवाय रॉकेल आता सहज मिळतही नाही. नव्याने बोट घेणाऱ्याला मी रॉकेल सुचवणार नाही.

स्पिरिटची बिनदाबाची शेगडी मला आवडते. डब्यात शोषून घेणारा भराव असतो, स्पिरिट त्यात मुरतं, बोट कलंडली तरी सांडत नाही. ना पंप, ना पिन. मात्र स्पिरिटमध्ये वजनामागे उष्णता गॅसच्या साधारण साठ टक्केच, त्यामुळे लिटरभर पाण्याला दुप्पट वेळ लागतो. आणि दोन गोष्टी काही झालं तरी विसरू नयेत. दिवसाच्या उजेडात तिची ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझली आहे की नाही हे बघायला वर हात न्यायचा नाही, झाकण घालायचं. आणि डबा गार झाल्याशिवाय भरायचा नाही. तापल्या डब्यात ओतताना भडका होतो. आपल्या बडोद्याच्या लोकांसाठी आणखी एक: गुजरातेत दारूबंदी कायद्याच्या कक्षेत डिनेचर्ड स्पिरिटही येतं. इथून गाडीत कॅन टाकून न्यायचा हा जिन्नस नाही, जिथे बोट आहे तिथेच रीतसर घ्या.

डिझेलची शेगडी थंड मुलखासाठी चांगली. आपल्याकडे नको.

ज्योत कसलीही असो, वरचं झाकण किंवा खिडकी उघडी हवी आणि झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. त्या वायूला ना रंग ना वास.

इंधन काहीही निवडा, बोटीवर माणूस सर्वांत जास्त भाजतो तो आगीने नाही, सांडलेल्या उकळत्या पाण्याने आणि तेलाने. आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात नांगर टाकून शांत उभे होतो. मी डाव्या हातात कप धरून किटलीतून चहा ओतत होते. लांबून गेलेल्या एका मोठ्या बोटीची लाट दोन मिनिटांनी आली, एकच हेलकावा, आणि उकळता चहा डाव्या पावलावर. पायात काही नव्हतं. वीस मिनिटं पावलावर पाणी धरलं, टाकीतलं दहा लिटर पिण्याचं पाणी त्यात गेलं, आणि ते योग्यच होतं. हळद, टूथपेस्ट, काही लावलं नाही. त्या दिवसापासून कप सिंकमध्ये ठेवायचा आणि तिथेच ओतायचं, हे पक्कं झालं. ओट्याशी उभं राहताना पायात बूट, जाड सुती एप्रन. ओढणी नाही, नायलॉन नाही.

झुलती शेगडी मिळाली तर जरूर घ्या. बोट कलली तरी ती आडवी सपाट राहते, पण तिला मागेपुढे झुलायला मोकळी जागा लागते, तेव्हा आधी माप घ्या. भांडी खोल आणि सपाट बुडाची, निम्म्याच्या वर न भरलेली. गोल बुडाची कढई बोटीवर चढवूच नका. कुकर मात्र आपलं सर्वांत मोठं भाग्य: झाकण कुलूपबंद, कलंडला तरी आतलं सांडत नाही. दोन शिट्ट्या झाल्या की आच बंद करून जाड टॉवेलात गुंडाळून ठेवला तर खिचडी आपली आपण मुरते, आणि इंधन वाचतं.

फोडणी चालत्या बोटीवर करायची नाही. तापलेलं तेल, तडतडती मोहरी आणि हलता ओटा ही तीन एकत्र येऊ द्यायची नाहीत. मी फोडणी घरी करून, गार करून बरणीत नेते. तेल पेटलंच तर झाकण ठेवा, आच बंद करा, हलवू नका, पाणी टाकू नका. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं आणि पेटतं तेल छतावर उडवतं. आग विझवायचं कांबळं शेगडीच्या मागे नको, हात ज्योतीवरून न नेता मिळेल अशा जागी हवं. अग्निशामक दाराजवळ.

सेव उसळ मी बोटीवर केली आहे, आणि बडोद्याच्या माणसाला तिसऱ्या दिवशी तिचीच आठवण येते. भिजवलेले वाटाणे नांगरावर कुकरमध्ये, तरी घरून आणलेली, सेव घट्ट डब्यात. खोल वाडग्यात वाढायची, ताटलीत नाही.

भाच्याला मी असं सांगितलं: तुम्ही दोघं, शनिवार-रविवार, मुंबईच्या आसपास. सिलिंडर काढा. दोन लिथियम बॅटऱ्या, दोनशे वॅटचं पॅनल आणि एका तव्याचं इंडक्शन घ्या. वीज गेली तर म्हणून एक बर्नरची स्पिरिटची शेगडी बाजूला. पुढे गोव्यापर्यंत जायचं ठरलं, चारजण झालात, की कॉकपिटमध्ये गॅसचा कप्पा करून घ्या आणि तेव्हा गॅस आणा. रोज सहा-आठ माणसं घेऊन फिरणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी गॅस सांगितला असता, कप्प्यासकट.

सूनबाईने त्याच आठवड्यात वीज मोजायचं छोटं मीटर आणलं. आता घरच्या इंडक्शनवर रोज एकेक पदार्थ करून वॅट-तासांचे आकडे फ्रिजवर लिहिते आहे. दोन कप चहा, 48. खिचडी, 160. चार अंडी उकडून, 95. वाटाणे काल रात्री भिजत घातलेत, त्यांचा आकडा आज कळेल.