फ्रीकॅड १.० : चौकोनाचा गोल करताना कुठे चालतं, कुठे अडतं

लातूरच्या डाळमिलचं हॉपर (माल खाली सोडणारं नरसाळं) असो की वाळूजच्या कारखान्यातलं डस्ट कलेक्टरचं डक्ट (हवा नेणारा पत्र्याचा नळ), एका टोकाला चौकोन, दुसऱ्या टोकाला गोल. फॅब्रिकेशनवाले याला ‘स्क्वेअर टू राउंड’ म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं फ्रीकॅड १.० हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आकार पाहायला, साच्याला, थ्रीडी प्रिंटला ते भरपूर झालं. पत्रा कापायचा असेल तर मात्र त्याच्या लॉफ्टवर (दोन टोकांचे आकार भिंतीने जोडणारी सोय) विसंबू नका.

मापं धरू: वर ६०० मिमीचा चौरस, खाली ४०० व्यासाचा गोल, उंची ५००. फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइन विभागात दोन स्केच काढून ॲडिटिव्ह लॉफ्ट दिलं की बहुतेक वेळा भिंती पिळवटतात. चौरसाला चार कोपरे आणि वर्तुळाला एकच जोडबिंदू, त्यामुळे कोणता कोपरा कुठे जोडायचा हे सॉफ्टवेअरला कळत नाही. वर्तुळाऐवजी ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर तुटणारे चार कंस काढा, पीळ जातो. पोकळ करायला थिकनेस टूल अशा पृष्ठभागावर बऱ्याचदा हात टेकतं. आतल्या मापाचं सबट्रॅक्टिव्ह लॉफ्ट (आतला भाग वजा करणारं) द्यावं. टोकाला कॉलरशी गुळगुळीत जुळण्यासाठी स्पर्शिकेचा पर्याय इथे नाही. मधे जादा स्केच टाकलं तर भिंत फुगते, म्हणून बेतानेच.

आता पत्रा. लॉफ्टची भिंत दोन दिशांनी वळलेली असते, ती सपाट उलगडत नाही. फ्रीकॅडला जोडता येणाऱ्या शीटमेटल ॲडऑनचं अनफोल्डही (पत्रा उलगडणारी सोय) सपाट भाग आणि साधे बेंड यांपुरतंच. खरं डेव्हलपमेंट (पत्र्यावर उलगडलेला सपाट आकार) म्हणजे चार सपाट त्रिकोण आणि कोपऱ्यांतले चार शंकूचे तुकडे. इथे कंस ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर, म्हणजे बाजूंच्या मध्यासमोर तोडायचे. वरच्यापेक्षा वेगळे, आणि घोळ नेमका इथेच होतो.

प्रत्येक पाव वर्तुळाचे चार भाग करून चौरसाच्या कोपऱ्यापासून त्या पाचही बिंदूंपर्यंतची लांबी मोजा: ५९१.६, ५५९.७, ५४८, ५५९.७, ५९१.६. मग सपाट स्केचमध्ये त्रिकोणाला त्रिकोण जोडत जा आणि डीएक्सएफ (कापणीच्या यंत्राला समजणारी रेखाचित्राची फाइल) काढून लेझरला द्या. सांधा कोपऱ्यात नको, बाजूच्या मध्यावर ठेवा. ती रेघ ५०९.९ येते. गोल टोकाला प्रत्येक जीवा ७८.०४, सोळांची बेरीज १२४८.६. खरा परीघ १२५६.६, म्हणजे ८ मिमी कमी, आणि रिंग बसत नाही. पाव वर्तुळाचे सहा भाग केले तर फरक साडेतीनवर येतो. मापं पत्र्याच्या जाडीच्या मध्यावरची घ्या: आतून ६०० हवं आणि पत्रा २ मिमी, तर ६०२ धरा.

हॉपरमधून माल घसरेल का, यासाठी उतारही मॉडेलमध्येच तपासा. उंची २५० केली तर सपाट बाजू ६८ अंश दाखवते, पण कोपऱ्याची रेघ ४८ वर येते. माल अडकतो तो कोपऱ्यातच.

रोज अशी दहा-बारा कामं निघत असतील तर सॉलिडवर्क्स या विकतच्या सॉफ्टवेअरचं लॉफ्टेड बेंड बेंडच्या रेघांसकट उलगडून देतं, पैसे मोजायची तयारी असेल तर. महिन्याला दोन-चार नग असतील तर फ्रीकॅड आणि वरचं गणित पुरे.