तीन बीएलडीसी पंखे आणि अकोल्याचा उन्हाळा

अकोल्यात एप्रिल लागला की पारा चाळिशीच्या वर जातो आणि घरातले पंखे मग जूनपर्यंत थांबत नाहीत. बिल कमी करायचे म्हटले की आधी एसी आणि कूलरचा विचार होतो. दिवसाचे सोळा तास फिरणारा छताचा पंखा महिनाभरात किती युनिट घेतो, हे आम्हीही कधी मोजले नव्हते. गेल्या मार्चमध्ये बैठकीतला आणि झोपायच्या खोल्यांतले दोन असे तीन जुने पंखे उतरवून तेथे १२०० मिलिमीटरचे, फाइव्ह स्टारचे बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरवर चालणारे, कमी वीज घेणारे) पंखे बसवले. एक पूर्ण उन्हाळा वापरल्यानंतर त्यांच्याविषयी लिहीत आहे.

खोक्यावरच्या आकड्यांवर विसंबण्याऐवजी मी मीटरचा आधार घेतला. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स असे छापलेले आहे, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होते. पंखे बदलण्यापूर्वी फ्रिजसह सर्व काही बंद करून फक्त बैठकीतला जुना पंखा पूर्ण गतीने चालू ठेवला, तेव्हा दहा मिनिटांत दिवा ४० वेळा लुकलुकला. त्याचा हिशेब ७५ वॉट होतो. त्याच जागी नवा पंखा लावल्यावर १७ वेळा, म्हणजे सुमारे ३२ वॉट. गती तीनवर आणली तर दिवा अवघ्या ६ वेळा लुकलुकला. जुन्या खोक्यासारख्या रेग्युलेटरने गती कमी केली तरी वाचलेली वीज बऱ्याच अंशी रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जात असे. नव्या पंख्यात तसे होत नाही, त्यामुळे पहाटे गारवा आल्यावर गती कमी करण्याचा खरा उपयोग होतो. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागात वीज प्रवाहित करूनच चुंबकत्व निर्माण करावे लागते आणि त्यात वीज वाया जाते. येथे कायमचे चुंबक असल्याने तो तोटा टळतो, इतके साधे कारण यामागे आहे.

तीन पंख्यांचे सोळा तासांप्रमाणे महिन्याला साधारण ६२ युनिट वाचायला हवे होते. मागच्या वर्षी मे महिन्यात आमचे ३७४ युनिट झाले होते, या वेळी ३०९ झाले. महावितरणचा दर ३०० युनिटच्या पुढे चढतो, त्यामुळे या बचतीतला प्रत्येक युनिट आमच्या बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यातला होता, आणि म्हणूनच बिलातील फरक युनिटच्या प्रमाणापेक्षा जास्त दिसला. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पूर्वी दोनच पंखे चालवत होतो. आता तिन्ही चालतात आणि तरीही बॅटरीवरचा भार आधीच्या दोन पंख्यांपेक्षा कमी असतो. घरात वयस्कर आई असल्यामुळे मला ही गोष्ट बिलाइतकीच मोलाची वाटते.

वारा मात्र आधी तपासून घ्यावा. सगळे फाइव्ह स्टार पंखे सारखा वारा देत नाहीत, त्यामुळे वॉटबरोबरच दर मिनिटाला किती घनमीटर हवा फेकली जाते, तो आकडाही वाचावा. आम्ही निवडलेल्या पंख्याचा वारा जुन्याइतकाच आहे.

खरी उणीव दुरुस्तीत आहे. मे महिन्यातल्या एका वादळी संध्याकाळी वीज दोन-तीनदा आली-गेली आणि आतल्या खोलीतला पंखा बंद पडला. आमच्या नेहमीच्या वायरमनने पाते खाली उतरवून पाहिले आणि सर्किट बोर्ड जळाला असून तो आपल्या हातचा नाही, असे स्पष्ट सांगितले. जुन्या पंख्याचा कंडेन्सर तो दहा मिनिटांत बदलून देत असे. वॉरंटीत बोर्ड फुकट मिळाला, पण कंपनीचा माणूस यायला अकरा दिवस लागले, आणि ऐन मे महिन्यात अकरा रात्री ती खोली बंद ठेवावी लागली. म्हणून पंखा घेताना वॉरंटी किती वर्षांची आहे एवढेच विचारून थांबू नये, तर सुटा बोर्ड आपल्याच शहरात मिळतो का, हेही दुकानदाराला विचारावे. आम्ही त्यानंतर मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारे साधन) बसवून घेतला आणि अर्थिंगही तपासून घेतले.

स्वयंपाकघरातला चौथा पंखा मात्र आम्ही जुनाच ठेवला आहे. तो दिवसातून जेमतेम दोन तास चालतो, त्यामुळे तो बदलला तरी महिन्याला तीन युनिटही वाचणार नाहीत.