गिट स्टेटसचा 'पोर्सेलिन' पर्याय: स्क्रिप्टला दिलेला शब्द

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन; कोणत्या फाइली बदलल्या हे दाखवणारा त्याचा 'गिट स्टेटस' आदेश नुसता चालवला की जो मजकूर येतो तो माणसासाठी असतो. तो आवृत्तीनुसार आणि भाषेनुसार बदलू शकतो, म्हणून त्यावर ग्रेप (मजकुरात शब्द शोधणारे साधन) लावून लिहिलेली स्क्रिप्ट आज ना उद्या मोडते. स्क्रिप्टसाठी गिटने 'पोर्सेलिन' हा वेगळा पर्याय दिला आहे. (गिटमध्ये पोर्सेलिन म्हणजे माणसाने वापरायचे आदेश आणि प्लंबिंग म्हणजे आतली नळजोडणी, त्यामुळे हे नाव प्रथमदर्शनी उलटेच वाटते.) या पर्यायात रंग कायम बंद राहतात, फाइलचे मार्ग नेहमी रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या साठ्याच्या) मुळापासून दिले जातात आणि स्वरूप पुढच्या आवृत्त्यांतही बदलणार नाही अशी हमी असते.

हमी पाळली गेली, पण मूळ आराखडा तोकडा होता. माझ्या स्क्रिप्टमध्ये 'अहवाल' नावाची फाइल सापडेना, तेव्हा आउटपुट उघडून पाहिले. नावातल्या पाच चिन्हांचे पंधरा बाइट अवतरणचिन्हांत ३४०, २४४, २०५ अशा अष्टमान आकड्यांत उतरले होते. मी कागदपत्रे न वाचता ओळी तोडत होतो, तेव्हा चूक माझीच. 'झेड' पर्याय जोडला की नावे जशीच्या तशी येतात आणि प्रत्येक नोंद शून्य बाइटने संपते. पण मग पोर्सेलिन स्वरूपाच्या पहिल्या आवृत्तीत नाव बदललेल्या फाइलच्या नोंदीतला बाण गळतो आणि जुन्या-नव्या नावांचा क्रमही उलटतो. एकाच साधनाने एकच माहिती दोन क्रमांनी द्यावी, हे मला पटत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये गिट २.११ सोबत आलेली पोर्सेलिनची दुसरी आवृत्ती बरीच विचारपूर्वक घडवलेली आहे. तिच्यात प्रत्येक ओळीचे पहिले चिन्हच नोंदीचा प्रकार सांगते, नवे नाव नेहमी जुन्याच्या आधी येते, आणि अनोळखी शीर्षओळी दुर्लक्षून पुढे जावे असे वाचणाऱ्या प्रोग्रामला आधीच बजावलेले असल्यामुळे नवी माहिती जोडली तरी जुन्या स्क्रिप्ट कोलमडत नाहीत. जेसन (प्रोग्रामना सहज वाचता येणारे मजकुराचे स्वरूप) मिळत नाही, ही उणीव मात्र आहे. शिवाय ट्रॅक न केलेल्या (गिट ज्यांची नोंद ठेवत नाही अशा) फाइली लपवण्याचे वैयक्तिक सेटिंग इथेही लागू होते, म्हणजे स्वरूप स्थिर राहिले तरी आशय यंत्रागणिक बदलू शकतो. तो पर्यायही आदेशातच लिहावा लागतो.

आवृत्ती न सांगता 'पोर्सेलिन' लिहिले तर आजही पहिलीच मिळते. स्वरूप न बदलण्याचा दिलेला शब्द पाळायचा तर गिटला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून मी आवृत्तीचा आकडा आणि 'झेड' दोन्ही प्रत्येक वेळी स्पष्ट लिहितो.