डॉक्युमेंटेशनमध्ये शोधायचं कुठे: साइटची सर्च पेटी, सर्च इंजिन की ऑफलाइन प्रत?

सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे ते कसं वापरायचं याच्या लेखी माहितीत, शोधायला बसण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. जे हवंय त्याचं नाव माहीत आहे, की फक्त अडचण माहीत आहे? कुठे शोधायचं याचा निर्णय माझ्या मते जवळजवळ पूर्णपणे याच उत्तरावर होतो.

नाव माहीत असेल, म्हणजे फंक्शन, सेटिंग किंवा कमांडचा एखादा पर्याय, तर डॉक्युमेंटेशनच्या साइटवरची सर्च पेटी सरस. सहसा ती तुम्ही उघडलेल्या आवृत्तीतच शोधते, हा तिचा मोठा गुण. पण तिची तऱ्हा ओळखून वापरावी लागते. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या साधनाने तयार होतं आणि इतर असंख्य प्रकल्पही तेच वापरतात. त्यातली शब्दसूची पानं तयार होतानाच बनते, शोध तुमच्या ब्राउझरमध्ये चालतो, आणि एकाहून जास्त शब्द टाकले तर ते सगळे शब्द असलेलीच पानं दिसतात. सर्च इंजिनला विचारतो तसं अख्खं वाक्य इथे टाकलं की हाती बहुधा काहीच लागत नाही. एक-दोनच शब्द टाका, तेही डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने वापरले असतील असे.

चिन्हं शोधायची असतील तर ही पेटीही फारशी कामाची नाही आणि सर्च इंजिन तर विरामचिन्हं बरेचदा गाळूनच टाकतं. पायथॉन 3.8 मध्ये आलेलं := किंवा फंक्शनच्या कंसातले * आणि /  कुठे समजावलेत ते शोधून पाहा, म्हणजे कळेल. अशा वेळी जुन्या छापील पुस्तकांसारखी अक्षरवार सूची कामी येते. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ती आहे आणि तिच्यात चिन्हांचा वेगळा विभागही आहे. ती उघडणारे फार कमी, याचं मला नेहमी नवल वाटतं.

नाव माहीत नसेल आणि समोर फक्त एरर मेसेज असेल, तर सर्च इंजिनला पर्याय नाही. समानार्थी शब्द ओळखण्यात ते साइटच्या पेटीपेक्षा कितीतरी पुढे आहे. मेसेजमधला स्वतःचा भाग, म्हणजे फाइलचा मार्ग, ओळ क्रमांक, आपण दिलेली नावं, काढून टाका आणि उरलेला तुकडा अवतरणचिन्हांत द्या. साइट हा शब्द इंग्रजीत लिहून त्याला जोडून कोलन आणि डॉक्युमेंटेशनचा पत्ता दिला की शोध तेवढ्याच साइटपुरता राहतो. गूगल आणि डकडकगो दोन्हीकडे हे चालतं. मधे जागा मात्र सोडायची नाही.

सर्च इंजिनचा खरा धोका आवृत्तीचा. जुन्या पानांकडे वर्षानुवर्षं दुवे जमलेले असतात, त्यामुळे ती वर येतात. पायथॉन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला, तरी त्या काळातली उत्तरं अजून भेटतात. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचं तर प्रत्येक आवृत्तीचं पान वेगळं, आणि सर्चमधून भलत्याच जुन्या आवृत्तीवर जाऊन पडणं सहज घडतं. सुदैवाने तिथे पानाच्या माथ्यावरच इतर आवृत्त्यांचे दुवे असतात. पान वाचायच्या आधी तिकडे नजर टाकायची सवय लावून घ्यावी. उतारा वाचून, कोड चिकटवून, तो चालला नाही की मग आवृत्ती पाहायची, हा उलटा क्रम फार वेळ खातो.

आपल्या संगणकावर उतरवून ठेवलेल्या ऑफलाइन प्रतीचं पारडं माझ्या लेखी सर्वांत जड, पण ती रोजच्या हत्यारांसाठीच. त्यासाठी मॅकवर डॅश, लिनक्स आणि विंडोजवर झील ही अॅप्स, किंवा ब्राउझरमध्येच डेव्हडॉक्स: नावाची पहिली काही अक्षरं टाकली की पान समोर. आवृत्ती तुम्हीच निवडलेली असते. उणीव एवढीच की डॅश आणि झीलचा भर नावांवर आहे. अडचणीचं वर्णन टाकून तिथे काही सापडत नाही.

युनिक्सच्या मॅन पानांचं, म्हणजे टर्मिनलमध्येच वाचायच्या माहितीपुस्तिकेचं, मूळ 1971 सालचं, तरी शोधाच्या बाबतीत ती अजून मागे पडलेली नाहीत. अॅप्रोपॉस कमांड नावं आणि एका ओळीतली वर्णनं चाळते. पान उघडल्यावर / देऊन शब्द शोधता येतो. बॅश या कमांड चालवणाऱ्या शेलच्या लांबलचक पानात एखाद्या छोट्या शब्दाचे ढीगभर उल्लेख सापडतात, तेव्हा शब्दाआधी ^ आणि *, व त्या दोहोंमध्ये एक रिकामी जागा, असं टाकावं. मग ज्या ओळींची सुरुवातच त्या शब्दाने होते तेवढ्याच दिसतात, आणि व्याख्या बहुधा तिथेच असते.

एआय सहायकाचं काय? अडचण सांगून त्या वस्तूचं नाव विचारायला तो उत्तम. पण पर्यायांची नावं तो बिनदिक्कत रचूनही सांगतो, म्हणून त्याने दिलेलं नाव घेऊन साइटच्या पेटीत जावं. तिथे ते सापडलं नाही तर त्याच्या बाकीच्या उत्तरावरही विसंबू नये.

कोडची लायब्ररीच तुम्हाला अगदी नवी असेल तर यातलं काहीच आधी उघडू नका. अनुक्रमणिका वरपासून खालपर्यंत चाळा, पानं न उघडता. नावं डोक्यात राहिली की पुढचे बरेच प्रश्न सर्च इंजिनकडे न्यावेच लागत नाहीत, ते थेट ऑफलाइन प्रतीत सुटतात.