हॅकिल की ह्युगो?

दोन्ही साध्या मजकूर-फाइलींपासून वेबसाइटची तयार पानं बनवणारी साधनं. ह्युगोची एकच तयार फाइल उतरवली की काम सुरू. हॅकिल ही हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. आधी कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) हवा, आणि पॅनडॉक या दस्तऐवज-रूपांतरकासकट पहिलं बिल्ड, म्हणजे बांधणी, फार वेळ खातं. मेमरी कमी असेल तर ते अर्ध्यातच बंद पडू शकतं.

तरी साइटचे नियम स्वतः लिहायचे असतील तर हॅकिलच घ्या. ‘मॅच’ने फाइली निवडायच्या, ‘रूट’ने पत्ता ठरवायचा, ‘कंपाइल’ने रूपांतर. डेटाचे प्रकार जुळले नाहीत तर चूक कंपायलरच पकडतो. संदर्भसूची आणि गणिती सूत्रं पॅनडॉक उत्तम सांभाळतो. मात्र नियमांची फाइल बदलल्यावर नुसतं ‘बिल्ड’ पुरत नाही, जुनी पानं कॅशमधूनच, म्हणजे आधीच्या साठ्यातूनच, येतात. प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून ‘रीबिल्ड’ चालवा.

ह्युगोत पान दिसेना, तर आधी ‘ड्राफ्ट’ची खूण आणि पुढची तारीख तपासा.